सगळ्याच पीआयडीला एन७३.९ नको लावू गं

बाकीच्यांसाठी आधी एवढं: मेडिकल कोडर म्हणजे पेशंटच्या चार्टमधल्या आजाराला आयसीडी पुस्तकातला ठरलेला कोड लावणारी. पीआयडी म्हणजे पेल्व्हिक इन्फ्लमेटरी डिसीज, बाईच्या गर्भाशय, नळ्या, अंडाशयाचं इन्फेक्शन, आणि एन७३.९ हा त्याचा मोघम कोड. पत्र असं आलं आहे, थोडं कमी करून देते:

"ताई, मी बी.एससी. झाली, नंतर मेडिकल कोडिंगचा क्लास केला, आता वर्धा रोडवरच्या एका कंपनीत कोडर आहे. अमेरिकेतले इमर्जन्सीचे आणि इनपेशंटचे, म्हणजे ॲडमिट झालेल्यांचे, चार्ट येतात. बाकी सगळं बरोबर जाते पण बायकांच्या पोटातल्या इन्फेक्शनचा चार्ट आला की माझा स्कोअर पडते. टार्गेट ९५ टक्के आहे, मी सारखी खाली येऊन राहिली आणि टीएल (टीम लीडर) आता पीआयपीचं, म्हणजे काम सुधारायच्या लेखी नोटीसचं, बोलून राहिले. टीममध्ये जवळपास सगळी मुलं आहेत, डाउट विचारायला ते शब्दच तोंडातून निघत नाही, एकदा विचारला तर मागून हसले. म्हणून कधी सरळ एन७३.९ टाकून मोकळी होते, कधी औषधं पाहून अंदाज लावते. ऑडिटमध्ये चुकलेले चार चार्ट पाठवते. आणि अजून एक, काही दिवसांपासून माझ्याच ओटीपोटात दुखते आणि अंगावरून पांढरं जाते, हे चार्ट वाचून वाचून वाटते मलाही तेच झालं. आई वर्ध्याला आहे, तिला काय सांगू समजत नाही. – एक वाचक, प्रतापनगर"

अगं, तुझं शेवटचं आधी घेते, कारण ऑडिट आठ दिवस थांबू शकते, पोट नाही.

ओटीपोटात दुखणं आणि पांढरं जाणं एवढ्यावरून तुला काय झालं हे मला सांगता येत नाही आणि तुलाही येत नाही, भलेही तू दिवसातून कितीही असे चार्ट वाचत असशील. लघवीचं इन्फेक्शन असू शकते, बुरशीचं असू शकते, अंडाशयात सिस्ट असू शकते, अपेंडिक्स असू शकते, आणि हो, पीआयडीसुद्धा असू शकते. डॉक्टर तपासून, गरज असेल तर लघवी आणि सोनोग्राफी पाहून ठरवतात. तर या आठवड्यात स्त्रीरोगवाल्या डॉक्टरकडे जाच. नाईट शिफ्ट आहे, वेळ नाही, हे कारण नको सांगू, सकाळी कॅबनं सोडलं की थोडं खाऊन सरळ ओपीडी गाठ. खाजगी परवडत नसेल तर नागपुरात सरकारी डागा आहे, मेयो आहे, मेडिकल आहे. आणि मध्येच ताप आला, उलट्या होऊन राहिल्या, दुखणं एकदम वाढलं, चक्कर आली किंवा पाळी चुकली असेल तर ओपीडीची वाट नको पाहू, त्याच रात्री कॅज्युअल्टीत जा, मैत्रिणीला सोबत ने. दुकानातून आपल्या मनानं गोळ्या घेऊन नको खाऊ, अर्धवट अँटिबायोटिकनं दुखणं दबते आणि आत इन्फेक्शन तसंच राहते, आणि पीआयडी असेल तर नळ्या खराब होऊ शकतात, पुढे दिवस राहायला त्रास होऊ शकतो, नळीत गर्भ राहू शकतो.

डॉक्टर विचारतील लग्न झालं का, संबंध आले का. खरं सांग. ते तुला जोखायला नाही विचारत, त्यावर त्यांची तपासणी ठरते. आतून तपासणी नको असेल तर नको म्हणता येते, पोटावरून सोनोग्राफी होते. आणि एक गोष्ट मनातून काढ की पीआयडी म्हणजे बाईचं काहीतरी वाकडं. अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी आरोग्य संस्थेच्या २०२१ च्या गाइडलाइनमध्येच आहे की ॲक्यूट पीआयडीच्या साधारण अर्ध्याच बायकांमध्ये गोनोरिया नाहीतर क्लॅमायडिया हे संबंधांतून पसरणारे जंतू सापडतात, बाकीच्यांमध्ये दुसरेच जंतू असू शकतात. आपल्याकडे तर टीबीसुद्धा रक्तातून नळ्यांपर्यंत पोचतो, त्यात संबंधांचा काही संबंध नाही. आईला एवढंच सांग की पोट दुखून राहिलं, डॉक्टरला दाखवते. आईला पुष्कळदा आपल्याला वाटते त्यापेक्षा जास्त माहीत असते.

आता कामाचं. यातही मुद्दा तोच आहे, अंदाज नाही लावायचा.

तू औषध पाहून कोड लावते म्हणतेस ना, तिथूनच सुरू करू. आपल्या सरकारी दवाखान्यातल्या सुरक्षा क्लिनिकमध्ये, म्हणजे लैंगिक आजारांच्या ओपीडीत, ओटीपोटात दुखणाऱ्या बाईला पिवळं किट देतात, किट नंबर ६, त्यात सेफिक्झिम, मेट्रोनिडाझोल आणि डॉक्सीसायक्लिन असते. रिपोर्टची वाट पाहत बसले तर बाई परत येईलच याचा भरवसा नाही, म्हणून जे जे जंतू असू शकतात त्या सगळ्यांवर एकदम औषध देऊन टाकतात. अमेरिकेतही तेच, सेफ्ट्रायॅक्झोन ५०० मिलिग्रॅमचं एक इंजेक्शन, डॉक्सी १४ दिवस, मेट्रोनिडाझोल १४ दिवस. म्हणजे चार्टमध्ये सेफ्ट्रायॅक्झोन दिसलं म्हणून गोनोरिया झाला असं होतच नाही, ते जवळपास प्रत्येक पीआयडीला दिसणारच. तू त्यावरून ए५४.२४, म्हणजे गोनोरियाच्या पीआयडीचा कोड, लावला तर कुठल्यातरी बाईच्या रेकॉर्डमध्ये गोनोरिया कायमचा लिहून ठेवला, जो डॉक्टरनं म्हटलाच नव्हता. तो रेकॉर्ड तिचा इन्शुरन्सवाला पाहते, पुढचा डॉक्टर पाहते, ती स्वतः पोर्टलवर पाहते, तिच्यासोबत तिचा नवराही पाहत असेल. स्कोअरपेक्षा मला हे जास्त लागते.

आता उलटी बाजू, सगळीकडे एन७३.९. तो कोड खोटा नाही, डॉक्टरनं नुसतं "पीआयडी" लिहून सोडलं असेल तर तोच बरोबर. पण डॉक्टरनं कोणता अवयव, ॲक्यूट की जुनं, कोणता जंतू, सगळं लिहून दिलं असताना एन७३.९ टाकणं म्हणजे कुरिअरवर गल्ली, घर नंबर काही न लिहिता फक्त नागपूर लिहून देणं.

मला वाटते तुझी खरी अडचण कोडची नाहीच, शरीराच्या नकाशाची आहे, आणि तो कुणी धड शिकवत नाही, क्लासमध्ये त्या चॅप्टरला सर पण घाईघाईनं पानं उलटवतात. तर एक कागद घे आणि खालून वर काढ. योनीचं तोंड, त्याच्या बाजूला बार्थोलिन ग्रंथी, मग योनी, मग गर्भाशयाचं तोंड म्हणजे सर्व्हिक्स, मग गर्भाशय, दोन्हीकडे नळ्या, टोकाला अंडाशय, आणि या सगळ्याभोवती ओटीपोटाचं अस्तर, पेल्व्हिक पेरिटोनियम. आता नंबर टाक. बार्थोलिन एन७५. योनी आणि बाहेरचा भाग एन७६. सर्व्हिक्स एन७२. गर्भाशय एन७१. नळ्या आणि अंडाशय एन७०. गर्भाशयाच्या बाजूचा टिश्यू, पेरिटोनियम, चिकटणं आणि जे नीट सांगितलं नाही ते एन७३. हा कागद डेस्कवर लाव, लाज नको वाटू देऊ, ऑर्थोवाले हाडांचे चार्ट लावतात ना.

गंमत कुठे होते पाह, एन७० ते एन७७ या पूर्ण ब्लॉकचं नावच फीमेल पेल्व्हिक ऑर्गन्सचे इन्फ्लमेटरी डिसीजेस आहे, म्हणून नवीन कोडरला वाटते की या ब्लॉकमधलं सगळंच पीआयडी. तसं नाही. डॉक्टर पीआयडी म्हणतात ते वरच्या भागाला, गर्भाशय, नळ्या, अंडाशय, पेरिटोनियम. नुसती योनीची सूज एन७६.० मध्ये जाते, नुसतं सर्व्हिसायटिस एन७२ मध्ये, तिथे पीआयडीचा कोड नाही येत. बुरशीचं इन्फेक्शन तर या ब्लॉकमध्येच नाही, ते बी३७ मध्ये आहे, आणि १ ऑक्टोबर २०२२ पासून बी३७.३ चे दोन झाले, ॲक्यूटला बी३७.३१ आणि क्रॉनिकला बी३७.३२, तरी आजही लोक जुनाच टाकून चार्ट परत खातात. दर १ ऑक्टोबरला नवं पुस्तक लागू होते, जुन्या पीडीएफवर काम नको करू.

दुसरा सापळा. भारतातले क्लास कधीकधी डब्ल्यूएचओच्या आयसीडी-१० च्या नोट्स देतात, त्यात टीबीची पीआयडी एन७४.१, गोनोरियाची एन७४.३, क्लॅमायडियाची एन७४.४ असे कोड आहेत, चांदणी लावलेले. तुझं काम अमेरिकेच्या आयसीडी-१०-सीएम पुस्तकावर आहे, तिथे एन७४ ला पुढचा डिजिटच नाही. सीएममध्ये गोनोरियाची पीआयडी ए५४.२४, क्लॅमायडियाची ए५६.११, टीबीची ए१८.१७, हा एकच कोड पुरतो, सोबत एन७४ किंवा एन७३ लावायचा नाही, एन७४ च्या खाली तर एक्सक्लूड्स वन, म्हणजे हे दोन एकत्र लावू नका अशी नोटच आहे. गूगलवर कोड शोधते ना तू, तिथे दोन्ही पुस्तकांचे कोड मिसळून येतात, आधी वर पाह कोणत्या पुस्तकाचं पान आहे.

आता चार्ट वाचायचा क्रम. मी ज्यांना शिकवते त्यांना पहिले एकच विचारायला लावते, ही बाई गरोदर आहे का किंवा नुकतीच होती का. कारण असेल तर एन चॅप्टरचं पानच नाही उघडायचं. गरोदरपणात इन्फेक्शन ओ२३ मध्ये, बाळंतपणानंतर ओ८५ नाहीतर ओ८६ मध्ये, गर्भपातानंतर ओ०३ नाहीतर ओ०४ मध्ये, एक्टोपिक (गर्भाशयाबाहेरचा गर्भ) किंवा मोलर (द्राक्षगर्भ) नंतर ओ०८.०. ओ चॅप्टरचा मान पहिला. बाळंतपणानंतरचे सहा आठवडे तर धरायचेच, आणि त्याच्यापुढेही डॉक्टरनं प्रेग्नन्सीशी जोडलं असेल तर ओ चॅप्टरच. मग पाहायचं डॉक्टरनं जंतूचं नाव घेतलं का. डॉक्टरनं म्हणते मी, लॅबनं नाही. लॅब रिपोर्टमध्ये क्लॅमायडिया पॉझिटिव्ह दिसतो आणि नोटमध्ये नुसतं पीआयडी आहे तर तो धागा तू नाही जोडायचा, क्वेरी टाकायची, म्हणजे डॉक्टरला लेखी विचारायचं. मग अवयव, आणि मग ॲक्यूट की क्रॉनिक. दोन्ही लिहिलं असेल आणि दोघांना वेगवेगळे कोड असतील तर दोन्ही लाव, ॲक्यूट आधी.

आणि एक कॉपर-टीचं. चार्टमध्ये कॉपर-टी दिसली आणि इन्फेक्शन आहे म्हणून लगेच टी८३.६९ नाही. डॉक्टरनं "त्याच्यामुळे" असं म्हटलं पाहिजे. नुसती बसवलेली आहे तर झेड९७.५.

आता तुझे चार्ट.

पहिला, इमर्जन्सीचा. नोटमध्ये "पीआयडी, लाइकली गोनोकोकल, रूल आउट ट्यूबो-ओव्हेरियन ॲब्सेस" आणि तू लावला ए५४.२४ सोबत एन७०.९३, म्हणजे नळी-अंडाशयाच्या पसाच्या गाठीचा. ऑडिटर बरोबर आहे, एन७३.९ पाहिजे. पेशंट इमर्जन्सीतून घरी गेली म्हणजे आउटपेशंट, गाइडलाइन सेक्शन चार, एच: लाइकली, प्रोबेबल, सस्पेक्टेड, रूल आउट असे अंदाजाचे शब्द असले की ते कोड करायचंच नाही. पक्कं काय लिहिलं? पीआयडी. बस. आणि तेही पक्कं नसतं, "सस्पेक्टेड पीआयडी" एवढंच असतं, तर दुखण्याचा लक्षणाचा कोड, आर१०.२ चा गट, त्याचे पुढचे डिजिट चालू वर्षाच्या पुस्तकात पाहून. पण हीच बाई ॲडमिट झाली असती आणि डिस्चार्जच्या वेळी "प्रोबेबल गोनोकोकल पीआयडी" लिहिलं असतं तर सेक्शन दोन, एच लागू होते, मग ए५४.२४ बरोबर ठरला असता. शब्द जवळपास तेच पण बाई घरी गेली की ॲडमिट झाली यावर कोड बदलते, म्हणून चार्ट उघडला की पहिले व्हिजिट टाइप पाहायचा, डायग्नोसिस नंतर. तुझ्याकडे दोन्ही प्रकारचे चार्ट येतात म्हणून तुझा इथे जास्त गोंधळ होऊन राहिला, फक्त एकाच टाइपवर काम करणाऱ्याला हा त्रासच नसतो.

दुसरा, इनपेशंट. "ॲक्यूट टीओए", पस काढला, डॉक्टरनं डिस्चार्जमध्ये ई. कोलायमुळे असं लिहिलं. तू एन७३.९ टाकला. इथे घाबरून टाकला हे दिसूनच राहिलं. टीओए म्हणजे ट्यूबो-ओव्हेरियन ॲब्सेस, नळी आणि अंडाशय मिळून झालेली पसाची गाठ. इंडेक्समध्ये ॲब्सेस, ट्यूबो-ओव्हेरियन पाहिलं की तो सॅल्पिंगो-ऊफोरायटिसकडे पाठवतो, ॲक्यूट म्हणून एन७०.०३, आणि जंतूसाठी बी९६.२०, कारण एन७० च्या खाली लिहिलंच आहे की जंतूचा जास्तीचा कोड लावा. ॲक्यूट लिहिलं नसतं तर एन७०.९३. आणि सेप्सिस लिहिला असता आणि येतानाच होता, तर सेप्सिस आधी, हे तुला मेडिसिनच्या चार्टवरून माहीतच आहे, इथे वेगळा नियम नाही.

तिसरा. "डिलिव्हरी होऊन १० दिवस, ताप, एंडोमेट्रायटिस" (गर्भाशयाच्या आतल्या अस्तराची सूज), तू एन७१.०. पाहिजे ओ८६.१२. वर सांगितलं तेच, पहिला प्रश्न विचारलाच नाही.

चौथा मात्र थांब. लॅप्रोस्कोपीत "पेल्व्हिक ॲढीजन्स", म्हणजे ओटीपोटातले अवयव एकमेकांना चिकटलेले, हिस्टरीत दोन सिझेरियन. तू एन७३.६ लावला आणि ऑडिटरनं चूक धरून एन९९.४ दिला. इथे मी तुझ्या बाजूनं आहे. इंडेक्समध्ये ॲढीजन्स, पेल्व्हिक, फीमेल हे सरळ एन७३.६ वर जाते, ऑपरेशननंतरचं असेल तर एन९९.४. सिझेरियनमुळेच चिकटलं हे डॉक्टरनं कुठेच लिहिलं नाही, हिस्टरीत सिझेरियन असणं आणि डॉक्टरनं त्याला कारण म्हणणं यात फरक आहे, आणि कॉम्प्लिकेशनचा कोड लावायला तसा संबंध डॉक्टरच्या डॉक्युमेंटेशनमध्ये दिसला पाहिजे असं गाइडलाइनमध्ये साफ आहे. ऑडिटरला वाटलं तर त्यांनी क्वेरी करायला सांगायचं होतं, तुला एरर द्यायचा नव्हता. याचं रिबटल, म्हणजे लेखी हरकत, टाक. तू मुकाट्यानं चारही एरर घेतले असशील, मला पत्रावरूनच समजलं.

आता ऑफिसचं. डाउट तोंडी निघत नसेल तर लिहून विचार, टीमच्या डाउट शीटवर चार्ट नंबर, नोटमधली ओळ, तुझा कोड आणि तुझं कारण, असं टाकलं की कुणाला हसायला जागा राहत नाही आणि उत्तरही रेकॉर्डवर राहते. पण बोलायची सवयही कर बाई, खोलीत एकटी असताना मोठ्यानं म्हण, व्हजायनल डिस्चार्ज, सर्व्हायकल मोशन टेंडरनेस, सॅल्पिंजायटिस, चार दिवसांत तोंडात बसतात. जे मागून हसले त्यांच्या वाट्यालाही हे चार्ट येतातच, त्यांनाही पिवळ्या किटचं आणि ओ८६ चं माहीत नसेल, पैज लावून सांगते. हसण्यावर थांबलं तर टीएलला सरळ सांग की मी क्लिनिकल शब्द विचारला तर मागून हसतात, मला विचारणं अवघड जाते, आणि ते मेलवर सांग. पण कुणी तुझ्या अंगावर, शरीरावर काही बोललं तर ते डाउट सेशनचं प्रकरण नाही, २०१३ च्या कायद्यानं १० किंवा जास्त लोक असलेल्या प्रत्येक ऑफिसात अंतर्गत समिती असावीच लागते, तिथे लेखी द्यायचं.

पीआयपीचं म्हणशील तर ते कागद देतील तेव्हा देतील, तू आधीच टीएलला एक मेल टाक की माझे एरर कुठल्या कॅटेगरीत आहेत ते मी काढले, तीन बरोबर आहेत, एकाचं रिबटल देते, पुढचे काही गायनिक चार्ट मला सेकंड लेव्हल रिव्ह्यूनं जाऊ द्या. चुकांचा पॅटर्न स्वतः काढून आणणाऱ्या माणसाला टीएल सहसा हात देतात, गप्प राहणाऱ्याला काय पाहिजे हेच त्यांना समजत नाही.

रिबटल असं लिही, तुझ्या शब्दांत कर: "सर, चार्टमध्ये सर्जननं पेल्व्हिक ॲढीजन्स एवढंच डॉक्युमेंट केलं आहे. आधीच्या सिझेरियनशी संबंध नोटमध्ये, ऑपरेटिव्ह रिपोर्टमध्ये कुठेही दिलेला नाही. इंडेक्सप्रमाणे ॲढीजन्स, पेल्व्हिक, फीमेल यासाठी एन७३.६ आहे. पोस्टप्रोसिजरल म्हणून एन९९.४ द्यायचा असल्यास प्रोव्हायडर क्वेरी करावी लागेल. कृपया एरर पुन्हा तपासावा." एवढंच, सॉरी नाही, जास्त लांबण नाही. रिबटलची मुदत तुमच्याकडे किती दिवसांची आहे ते आजच पाहून घे, आणि डॉक्टरकडे जायचं त्याच्या आधी ठरव.